अर्ध्या दिवसाचा हिशेब

सुवोनच्या तटावर राबणारा एखादा पाथरवट दुपारनंतर कामावर आला नसेल, तर त्याचा तो अर्धा दिवस आजही कागदावर आहे. नाव, मूळ गाव, कोणत्या बुरजावर किती दिवस, आणि शेवटी तो अर्धा. सव्वादोनशे वर्षांपूर्वीची ही हजेरी ‘ह्वासोंग सोंग्योक उइग्वे’ या ग्रंथात, म्हणजे सुवोनच्या ह्वासोंग किल्ल्याच्या बांधकामाच्या दरबारी दप्तरात, छापलेली आहे. पाथरवट, सुतार, गवंडी, लोहार, रंगारी असे २२ प्रकारचे कारागीर तिच्यात आहेत. एकूण आकडा १,८०० च्या घरात जातो. काही नावं रीतसर, आडनावासकट. काही मात्र ‘थोरला गडी’, ‘धाकटा गडी’ अशी, म्हणजे घरी आणि कामावर ज्या नावाने हाक मारत तीच. लिहून घेणाऱ्या कारकुनाने त्यांना बरी नावं देण्याचा खटाटोप केला नाही. होती तशी उतरवली आणि मजुरी चुकती झाल्याचं नोंदवलं.

दक्षिण कोरियात सुवोन पाहायला जाणाऱ्याने किल्ल्याआधी या ग्रंथाची ओळख करून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. सेऊलहून दक्षिणेला जेमतेम ३० किलोमीटरवर असलेलं हे शहर बहुतेक प्रवासी अर्ध्या दिवसात उरकतात. मेट्रोची एक नंबरची लाइन पकडायची, तासाभरात उतरायचं, तटावर फोटो काढायचे, तळलेलं चिकन खायचं आणि संध्याकाळी परत. त्यांना एक सुबक, जरा जास्तच नीटनेटका किल्ला दिसतो. दगडांच्या कडा धारदार, लाकडावरचा हिरवा-तांबडा रंग ताजा. ‘हे सगळं नवीनच दिसतंय’ असा शेरा हमखास ऐकू येतो, आणि तो निम्मा खराही आहे. नवं काय, जुनं काय आणि नव्याला जुनं म्हणण्याचा अधिकार कुठून येतो, याचं उत्तर त्या हजेरीपटात सापडतं.

पण किल्ल्याची गोष्ट दगडापासून सुरू होत नाही. ती धान्याच्या पेटीपासून सुरू होते.

१७६२ च्या उन्हाळ्यात जोसोन घराण्याचा राजा योंगजो याने आपल्या मुलाला, युवराज सादोला, सेऊलच्या राजवाड्यात तांदूळ साठवायच्या लाकडी पेटीत शिरायला लावलं. पेटी बंद केली. आठव्या दिवशी युवराज आत मेला. वय २७. सादोचं मन ठिकाणावर नव्हतं, त्याच्या हातून नोकरचाकर मारले गेले होते, हे त्याच्या पत्नीनेच पुढे लिहून ठेवलं आहे. दरबारातल्या गटांनी बापलेकांमधली दरी वाढवत नेली, असं मानणारे इतिहासकारही आहेत. राजरक्ताच्या माणसाला गुन्हेगारासारखा देहदंड दिला तर त्याच्या बायकामुलांवरही कलंक येतो. मग ना तलवार, ना विष, ही पेटी. सादोचा मुलगा तेव्हा दहाव्या वर्षात होता. वडिलांसाठी त्याने आजोबांपुढे गयावया केली आणि त्याला तिथून बाहेर नेण्यात आलं.

तोच मुलगा १७७६ मध्ये जोंगजो म्हणून गादीवर बसला. मधल्या काळात त्याला कागदोपत्री मृत काकाचा दत्तक मुलगा केलेलं होतं, म्हणजे सादोचं नाव वंशावळीतून बाजूला. गादीवर बसताच नव्या राजाने दरबारात आपण सादोचा मुलगा असल्याचं उघड सांगितलं. वडिलांच्या मृत्यूत ज्यांचा हात होता, त्यातले कित्येक जण त्या वेळी समोर उभे होते.

त्याने सरसकट सूड घेतला नाही. तेरा वर्षं थांबला आणि १७८९ मध्ये वडिलांची समाधी हलवली. सेऊलच्या पूर्वेची जुनी जागा सोडून सुवोनजवळची ह्वासान टेकडी निवडली. भूमीच्या शुभाशुभाचं शास्त्र जाणणाऱ्यांनी ती उत्तम ठरवलेली होती. अडचण एकच. त्या टेकडीच्या पायथ्याशी सुवोन गाव वसलेलं होतं. तेव्हा गावच उचललं. लोकांना घरांची भरपाई दिली आणि काही किलोमीटर उत्तरेला, पाल्दालसान डोंगराच्या कुशीत, नवं सुवोन वसवलं. आज आपण पाहतो ते हेच. पित्याच्या समाधीसाठी विस्थापित झालेलं गाव म्हणून त्याची सुरुवात झाली, हे पर्यटनाच्या माहितीपत्रकात फारसं ठळक नसतं. तिथे ‘पितृभक्तीचं शहर’ असं लिहिलेलं असतं.

नव्या गावाला तट हवा. १७९२ मध्ये राजाने आराखड्याचं काम सोपवलं ते जोंग याग्योंग या तिशीतल्या अभ्यासकाकडे. ‘दासान’ या टोपणनावाने कोरियात आज शाळकरी पोरही त्याला ओळखतं. योगायोग असा की त्याचा जन्म १७६२ चा, सादो गेला त्याच वर्षीचा. वडील वारल्यामुळे तो तेव्हा सुतकाच्या काळात घरी होता. राजाने राजवाड्याच्या ग्रंथालयातली पुस्तकं घरपोच केली. त्यात एक चिनी पुस्तक होतं, जेझुइट धर्मगुरू योहान श्रेक आणि वांग झेंग यांनी १६२७ मध्ये सिद्ध केलेलं, युरोपातल्या यंत्रांच्या चित्रांचं. ते पाहून दासानने कप्प्यांची यारी तयार केली. तिचं नाव गोजुंगगी. तीस माणसं दोन्ही बाजूंनी दोर ओढत आणि सात टनांचा दगड उचलला जाई. या यंत्राने तेव्हाच्या चलनात ४०,००० न्यांग वाचले, असं कौतुक राजाने केल्याचं खुद्द दासानने लिहिलं आहे.

१७९४ च्या आरंभी काम सुरू झालं. दहा वर्षं लागतील असा अंदाज होता. १७९६ च्या शरदात ते संपलंही. मध्ये दुष्काळामुळे सुमारे सहा महिने काम बंद होतं, तो काळ वजा केला तर अडीच वर्षंही भरत नाहीत. यंत्राला श्रेय द्यायचं तेवढं द्यावं, पण खरं कारण मजुरी. जोसोन राज्यात अशी कामं वेठीने होत. इथे रोख पैसे मिळत होते, त्यामुळे दूरदूरचे कारागीर आपण होऊन आले. १७९४ चा उन्हाळा कडक होता. राजाने उष्माघातावरच्या ४,००० गोळ्या बनवून कामावर धाडल्या. थंडीत टोप्या वाटल्या. उइग्वेत त्याचीही नोंद आहे. राजाच्या दयाळूपणावर विश्वास ठेवायचा की हा एका चतुर प्रशासकाचा हिशेब होता, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला दोन्ही एकाच वेळी खरं वाटतं.

तटाची आखणी झाली तेव्हा उत्तरेकडच्या रेषेत काही घरं येत होती. नुकतंच एकदा उठवून आणलेलं गाव पुन्हा उठवायचं? राजाने तट बाहेरच्या बाजूला वळवायला सांगितलं. तीन वळसे घालावे लागले तरी चालतील, पण घरं आत घ्या. नकाशावर सुवोनचा तट कुठल्याही भौमितिक आकारात बसत नाही, त्याचं हे एक कारण.

हा तट ५.७ किलोमीटरचा आहे. चालायला दोन-अडीच तास पुरतात. सुरुवात उत्तरेच्या जांगआनमुन दरवाजापासून करावी. कोरियातल्या तटबंदीच्या शहरांत मुख्य दरवाजा सहसा दक्षिणेला असतो. इथे तो उत्तरेला, कारण राजा सेऊलहून येणार. दरवाजापुढे अर्धवर्तुळाकार विटांची भिंत आहे, शत्रू आत घुसला तर त्याला चारी बाजूंनी कोंडण्यासाठी. तिच्या कमानीवर पाच भोकं असलेलं पाण्याचं टाकं. दरवाजाला आग लावली तर वरून पाणी सोडायचं. ही कल्पना दासानची, आणि बांधणाऱ्यांनी ती चुकवली! भोकं कशासाठी हे न समजता नुसतं चित्र पाहून आडवी पाडली, अशी तक्रार त्याने पुढे आपल्या लेखनात केली आहे. इतकं काटेकोर दप्तर ठेवणाऱ्यांच्या हातूनही असं होतं, हे वाचून मला बरंच वाटलं.

तिथून पूर्वेकडे वळलं की सुवोनचा सर्वांत देखणा तुकडा येतो. ह्वाहोंगमुन हा पाण्याचा दरवाजा. शहराच्या मधून वाहणारा सुवोनचोन ओढा सात कमानींतून आत शिरतो. मधली कमान जरा मोठी, वर लाकडी मंडप. १९२२ च्या पुरात हा वाहून गेला होता, गावकऱ्यांनी पुढच्या दहा वर्षांत तो उभा केला. शेजारच्या खडकावर बांगह्वासुर्युजोंग. नाव लांबलचक असलं तरी गाव तिथे फिरायला जातं ते खालच्या योंग्योन तळ्याच्या काठी चटई टाकून बसायला. सरकारी कागदात हा ईशान्य कोपऱ्याचा टेहळणी मनोरा आहे. खालच्या विटांच्या भिंतीत तोफांची भोकं आहेत. वरचं छप्पर मात्र इतक्या कोनांत दुमडलेलं की खाली चहूबाजूंनी फिरून पाहिलं तर दर वीस पावलांवर वेगळी इमारत दिसते. किल्ल्यावर एवढी सजावट कशाला, असा आक्षेप त्या वेळीही निघाला होता. देखणेपणाही शत्रूवर वचक बसवतो, असं उत्तर राजाने दिल्याची दरबारी इतिहासात नोंद आहे.

पुढे योनमुदे हे कवायतीचं मैदान. आता तिथे पर्यटक धनुष्यबाण चालवून बघतात. मग गोंगशिमदोन, आतून पोकळ मनोरा. जोसोनमध्ये असं बांधकाम आधी झालं नव्हतं आणि राजाला त्याचा मोठा अभिमान होता. ईशान्येचा मनोरा गोल असून आतला जिना गोगलगाईच्या शंखासारखा वर चढतो. वायव्येचा चौकोनी मनोरा मात्र मूळचा, कुणी पुन्हा न बांधलेला. ह्वासोमुन या पश्चिम दरवाजाशेजारी तो नीट पाहून घ्यावा. पूर्व तटावर बोंगदोन, पाच धुराड्यांचा इशारा मनोरा. रोज एक धूर, म्हणजे सगळं ठीक. शत्रू दिसला की दोन. लढाई जुंपली की पाच. ज्या युद्धाच्या तयारीने हे बांधलं, ते त्या काळी इथवर आलंच नाही.

दक्षिणेला आल्यावर तट चक्क तुटतो. पाल्दालमुन हा दक्षिण दरवाजा बाजारपेठेच्या मधोमध, वाहनांच्या चक्राकार रस्त्याच्या बेटावर एकटा उभा आहे. दोन्ही बाजूंची भिंत शहराने गिळली. चार मोठ्या दरवाजांपैकी मूळचे शिल्लक दोनच, हा आणि पश्चिमेचा. ज्यांना तट पूर्ण चालायचा आहे त्यांना इथे खाली उतरून कापडाच्या, भाजीच्या, रक्त भरलेल्या आतड्यांच्या उकडलेल्या सॉसेजच्या दुकानांमधून वाट काढावी लागते आणि मग पाल्दालसानचा चढ. माथ्यावर सोजांगदे, सेनापतीचं ठाणं. २००६ मध्ये एका दारुड्याने ते पेटवून दिलं. पुढच्याच वर्षी ते पुन्हा उभं राहिलं. इतक्या लवकर कसं? नकाशे होते ना.

डोंगराच्या पायथ्याशी हेंगगुंग, म्हणजे राजाचा प्रवासातला वाडा. दोन खांबांमधल्या जागेला कोरियन वास्तुशास्त्रात ‘कान’ म्हणतात. असे ५७६ कान इथे होते आणि राज्यात एवढा मोठा प्रवासी वाडा दुसरा नव्हता. एका मुक्कामाच्या जागेसाठी हे फार झालं. मुलगा मोठा झाला की १८०४ मध्ये त्याच्यावर गादी सोपवून आईसह इथे राहायला यायचं, असा जोंगजोचा बेत असावा, असं अनेक अभ्यासक मानतात.

या वाड्याने पाहिलेला मोठा दिवस १७९५ मधला. राजाची आई, हेग्योंग, त्या वर्षी साठ वर्षांची झाली. सादो जगला असता तर त्याचीही साठी त्याच वर्षी आली असती; दोघं एका वयाची. आठ दिवसांचा दौरा ठरला. सुमारे ६,००० माणसं निघाली. हान नदीवर ३६ नावा एकमेकींना बांधून पूल केला. राजा पालखीत न बसता घोड्यावर, आईच्या पालखीमागे. ह्वासानच्या समाधीवर पोहोचल्यावर तेहतीस वर्षांपूर्वीच्या विधवेला रडू आवरेना, हे दरबारी नोंदीतही येतं. त्याच संध्याकाळी सोजांगदेवरून राजाने रात्रीची लष्करी कवायत घेतली. शहराचा तट मशालींनी उजळला. त्याचा अर्थ सेऊलमधल्या विरोधकांना कळला असणार. मग बोंगसुदांग दालनात आईच्या साठीचा समारंभ. नंतर गोरगरिबांना तांदूळ वाटप आणि म्हाताऱ्यांची पंगत.

याही दौऱ्याचा स्वतंत्र उइग्वे आहे, आणि त्यात पंगतीतल्या पदार्थांची रास किती उंच रचली होती इथपर्यंत तपशील आहेत. मिरवणुकीचं चित्र तर ६३ पानं चालतं. सेऊलमध्ये चोंगग्येचोन ओढ्याच्या काठी ते चित्र फरशांवर उतरवून भिंतीवर लावलं आहे, १८६ मीटर लांब. सुवोनला जायच्या आदल्या संध्याकाळी त्या भिंतीकडेने चालावं. घोडे, छत्रधारी, वाजंत्री, आणि मध्येच मागे वळून शेजाऱ्याशी बोलणारा एखादा शिपाई. राजा मात्र सापडत नाही. राजाची आकृती काढायची नाही असा दंडक होता, म्हणून त्याचा घोडा रिकामाच चालला आहे.

हेग्योंगने आपल्या आठवणी लिहायला घेतल्या त्याही १७९५ मध्येच. ‘हानजुंगनोक’ नावाने प्रसिद्ध असलेलं हे लेखन कोरियन गद्यातलं एक थोर काम मानलं जातं. पेटीत नेमकं काय घडलं, हे जगाला ठाऊक आहे ते मुख्यतः तिच्यामुळे.

जोंगजो १८०० मध्ये गेला. वय ४७. नातवंडांना सांगण्याजोगं म्हातारपण या वाड्यात काढायचं राहून गेलं. पुढच्याच वर्षी ख्रिस्ती झालेल्यांची धरपकड झाली; दासानचा एक भाऊ मारला गेला, तो स्वतः १८ वर्षं हद्दपार. राजाने सुवोनला ठेवलेली खास पलटण १८०२ मध्ये मोडण्यात आली. गंमत म्हणजे उइग्वे छापून झाला तो याच पडत्या काळात.

वाड्याची पुढची कथा अधिक करुण. जपानने १९१० मध्ये कोरिया गिळला आणि हेंगगुंगात जाहे नावाचं सरकारी इस्पितळ आलं. जिथे हेग्योंगची साठी झाली त्या बोंगसुदांगमध्ये रुग्ण तपासले जाऊ लागले, पुढे १९२३ मध्ये ते पाडून नवी इमारत झाली. दुसऱ्या भागात शाळा. या इस्पितळात गावातल्या गिसेंग बायकांना, म्हणजे नाचगाण्यावर जगणाऱ्या कलावंतिणींना, सक्तीच्या तपासणीसाठी हजर व्हावं लागे. २९ मार्च १९१९ रोजी तीसेक गिसेंग अशाच तपासणीला निघाल्या होत्या. किम ह्यांगह्वा ही त्यांची पुढारी, विशीबाविशीतली. इस्पितळापुढे पोहोचल्यावर त्यांनी कोरियाच्या स्वातंत्र्याच्या घोषणा द्यायला सुरुवात केली. किम ह्यांगह्वाला सहा महिन्यांची कैद झाली. तिचं नाव स्वातंत्र्यसैनिकांच्या सरकारी यादीत आलं ते २००९ मध्ये, नव्वद वर्षांनी. वाड्यात हिंडताना राजाच्या गोष्टी सगळे सांगतात. ही गोष्ट आपण विचारावी लागते.

वाड्याशेजारच्या गल्लीतली आणखी एक बाई, ना हेसोक. जन्म १८९६, सुवोनचाच. पाश्चात्त्य पद्धतीने तैलरंगात काम करणारी कोरियातली पहिली चित्रकर्ती म्हणून तिचं नाव घेतात. जोंगजोचं चित्र जिथे ठेवलं आहे त्या ह्वार्योंगजोन मंदिरासमोरची फुलं तिने रंगवली आहेत. लग्नसंस्थेविरुद्ध लिहिलं म्हणून समाजाने तिला वाळीत टाकलं आणि १९४८ मध्ये ती बेवारस मरण पावली. आता तिच्या नावाचा रस्ता आहे, तिथे कॅफे आहेत.

१९५० ते १९५३ च्या युद्धात सुवोन चारदा हातचं गेलं आणि आलं. उत्तरेचा जांगआनमुन आणि पूर्वेचा चांगन्योंगमुन बॉम्बनी उडाले. तटाच्या काही भागांत नुसता ढिगारा. १९७५ ते १९७९ या काळात सरकारने मोठी दुरुस्ती काढली, आणि तेव्हा कामाला आला तो उइग्वे. प्रत्येक इमारतीचं बाहेरून आणि आतून चित्र, लाकडाची मापं, विटांची संख्या, खिळे किती. मग १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव गेलं. युद्धानंतर पुन्हा बांधलेल्या किल्ल्याला अस्सल म्हणायचं का, ही शंका परीक्षकांना होती आणि उइग्वे पाहिल्यावर ती मिटली, असं इथे अभिमानाने सांगितलं जातं. २००७ मध्ये जोसोन राजघराण्याचे उइग्वे युनेस्कोच्या दस्तऐवजांच्या यादीतही गेले.

मराठी वाचकाच्या कानाला हे लागणारं आहे. २०२५ मध्ये आपले बारा किल्ले त्याच जागतिक वारसा यादीत गेले. ढासळलेला बुरूज पुन्हा उभारायचा की आहे तसा सांभाळायचा, यावर आपल्याकडे तावातावाने बोललं जातं. पण तो बुरूज मुळात कसा होता, हे सांगणारं इतकं बारीक दप्तर आपल्याला सहसा मिळत नाही. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे, ते वाचायला आपण वाकतो. त्यांच्या हाताखालच्या पाथरवटांची नावं कुठे शोधायची?

तरी सुवोनला सरसकट प्रमाणपत्र द्यायला मी तयार नाही. हेंगगुंगचा जीर्णोद्धार नागरिकांनी १९८९ मध्ये मागितला, इस्पितळाची नवी इमारत होणार होती तेव्हा. १९९६ मध्ये काम सुरू झालं, २००३ मध्ये वाडा खुला झाला आणि उरलेला भाग पूर्ण व्हायला एप्रिल २०२४ उजाडला. उह्वाग्वान ही अतिथिशाळा पुन्हा बांधण्यासाठी शंभरहून अधिक वर्षं तिथे असलेली सिनपुंग शाळा हलवावी लागली. आता वाड्यात नांगनामहोन ही जवळपास एकटीच इमारत जोंगजोच्या काळातली. बाकीचं लाकूड आपल्याहून तरुण. मापं बरोबर आहेत, रंग बरोबर आहेत. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या पोरांनी त्या आवारात अक्षरं गिरवली, ज्या बाळंतिणी त्या इस्पितळात सुटल्या, त्यांच्या सुवोनसाठी एक खोली तरी राखायला हवी होती. १७९६ चा हिशेब इतका जपणाऱ्यांनी त्यानंतरचं पान कोरं का सोडावं?

आणि हा हिशेब फक्त दगडांचा नव्हता, हे कळायला तटाबाहेर जावं लागतं. १७९४ च्या दुष्काळात बांधकाम थांबलं तेव्हा हाताला काम आणि शेताला पाणी म्हणून मानसोकगो हे धरण घेतलं. १७९५ मध्ये ते पुरं झालं. १७९९ मध्ये पश्चिमेला चुंगमानजे, आताचं सोहो तळं. ओलिताखालच्या सरकारी जमिनी पलटणीला आणि गरिबांना कसायला दिल्या, बैल उसने दिले. किल्ल्याचा खर्च शेतीतून निघावा, हा विचार. बैलांमुळे गुरांचा बाजार वाढला आणि त्या बाजारातून सुवोनचं आजचं नाव निघालं: भाजलेल्या बरगड्या, गाल्बी. विसाव्या शतकाच्या मध्यावर योंगदोंग बाजारातल्या ह्वाचुनोक खाणावळीने मोठमोठ्या बरगड्या सोया सॉसऐवजी मिठाच्या मसाल्यात घालून विकल्या आणि ती चव शहराची झाली. सोहोच्या परिसरात पुढे शेती संशोधन संस्था आल्या. दक्षिण कोरियाला १९७० च्या दशकात भाताच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभं करणारं ‘तोंगिल’ हे वाण सुवोनच्या कृषी महाविद्यालयातल्या संशोधकांनी फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संस्थेबरोबर काढलेलं. राष्ट्रीय कृषी संशोधनाचं मुख्यालय २०१४ मध्ये जोंजूला गेलं. आता सुवोनची भाकरी सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सच्या आवारात भाजते. तिथल्या कामामुळे भारतीय अभियंत्यांची कुटुंबंही शहरात आहेत.

पाल्दालमुनजवळच्या चिकन गल्लीत लोखंडी कढईत अख्खी कोंबडी तळून देतात. २०१९ च्या ‘एक्स्ट्रीम जॉब’ या विनोदी चित्रपटात पोलिस पाळतीसाठी चिकनचं दुकान टाकतात आणि गाल्बीच्या मसाल्यातलं चिकन त्यांच्या हातून घडतं. दीड कोटीहून अधिक लोकांनी तो पाहिला आणि गल्लीतल्या दुकानांनी तो पदार्थ खरोखर सुरू केला. चव बरी असते. रांग तेवढ्या योग्यतेची नसते.

दिवस कमी असेल तर ही गल्ली सोडावी, उडणारा फुगा सोडावा, राजाच्या रथासारखी सजवलेली पर्यटकांची गाडीही सोडावी. सकाळी जांगआनमुन ते ह्वाहोंगमुन चालावं, वायव्येचा मूळ मनोरा पाहावा, तासभर वाड्यात आणि तासभर सुवोन ह्वासोंग संग्रहालयात घालवावा. दुपारी सुवोन स्टेशनवरून बस धरून युंगगॉलुंगला जावं. सादो आणि हेग्योंगची समाधी तिथे आहे आणि जरा पलीकडे जोंगजो आणि त्याच्या राणीची. दोन्हींवर गवताची गोल टेकाडं, भोवती पाइनची दाट झाडी. वाटेत योंगजुसा मंदिर, वडिलांसाठी प्रार्थना व्हावी म्हणून राजाने १७९० मध्ये बांधवून घेतलेलं. समाधीचं आवार सोमवारी बंद असतं, तेवढं पाहून निघावं.